गावाचा इतिहास गावानेच नोंदवायचा : इतिहास मंडळांची परंपरा आणि लोणार परिसर

लोणारला पाहुणा आला की आपण त्याला सरोवर दाखवतो, दैत्यसूदन मंदिर दाखवतो, धारेवर नेतो. सांगायलाही भरपूर असते. या डोंगरात काच आणि साबण बनवायचा माल मिळतो, अशी नोंद अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची दखल घेतली. हे विवर उल्कापाताचेच आहे, हे भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये खडकांच्या पुराव्याने मांडले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे धरले जायचे, २०१० च्या अभ्यासाने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास नेले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या देशाचे कॅमेरे इथे आले, आणि त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले. मंदिरापाशी पोचलो की लवणासुराची कथा तयारच असते.

तोच पाहुणा बौद्धवाड्यात आला तर आपण काय सांगतो? १९५६ ला या भागातून नागपूरला कोण कोण गेले, कशाने गेले, विहाराची जागा कोणी दिली, पहिली जयंती कोणत्या वर्षी निघाली आणि ती कोणी अडवली, या प्रश्नांची उत्तरे वाड्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांकडे आहेत. दर उन्हाळ्यात त्यांतले एखादे माणूस कमी होते. खडकाचे वय आपल्याला माहीत आहे. आपल्या विहाराचे वय विचारले तर मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

म्हणून हा लेख. महाराष्ट्रात इतिहास मंडळे कशी उभी राहिली, ती काम कसे करत, त्यांतले आपण काय घ्यायचे आणि काय सोडायचे, आणि लोणार-मेहकर-सिंदखेडराजा या पट्ट्यात आपल्या हाताशी नेमके काय आहे, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. तरुण कार्यकर्त्यांनी हा लेख जवळ ठेवावा आणि कामाला लागताना उघडावा, एवढी अपेक्षा आहे.

मंडळे आली कुठून

महाराष्ट्रातले सर्वात गाजलेले इतिहास मंडळ म्हणजे पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते ७ जुलै १९१० रोजी स्थापन केले. त्याआधी बारा वर्षे, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला होता. हा माणूस गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची, पेटीतली, उंदरांनी कुरतडलेली दप्तरे उघडायचा. मंडळाची जी परंपरा बनली तिचे मूळ त्या पायपिटीत आहे. सभासदाने कागद शोधून आणायचा, वाचायचा, नक्कल करायची, मग पाक्षिक सभेत सगळ्यांसमोर निबंध वाचायचा. तिथे त्याची उलटतपासणी व्हायची. त्यातून जे टिकेल ते त्रैमासिकात छापले जायचे. मूळ कागद दप्तरखान्यात जायचा आणि त्यावर कुठून आला, कोणी दिला हे लिहिले जायचे.

१९२६ च्या शेवटच्या दिवशी राजवाडे वारले. नंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. इकडे वऱ्हाड-नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ झाले आणि वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाने ताम्रपट-शिलालेखांचे प्रचंड काम केले. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. आपल्या जिल्ह्यातला माणूस शंभर वर्षांपूर्वी एवढे जाडजूड पुस्तक लिहून गेला आणि आपल्यातल्या बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नाही, ही आमच्यासाठीही लाजेची गोष्ट आहे. आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले, तरी हे नाव आम्हाला फार उशिरा कळले.

या मंडळांची शिस्त पक्की होती. दोष वेगळ्या ठिकाणी होता. दप्तर कोणाकडे असते? ज्याच्याकडे वाडा असतो त्याच्याकडे. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, देवस्थान. त्यामुळे जो इतिहास जमला तो मोहिमांचा, वतनांचा आणि घराण्यांचा जमला. त्या कागदांत आपली माणसे नाहीत असे नाही. वेठीच्या यादीत आहेत, दंडाच्या नोंदीत आहेत. आणि एका ठिकाणी तर मानाने आहेत. दोन गावांच्या शिवेचा वाद पेटला की शीव कुठून जाते हे सांगायला महारालाच बोलवावे लागे आणि त्याची साक्ष धरली जाई. गावाचा नकाशा ज्याच्या डोक्यात होता त्याला गावात राहायची परवानगी नव्हती. हा विरोधाभास त्या कागदांतच लिहिलेला आहे, पण तो मोठ्याने वाचणारे त्या सभांमध्ये बसलेले नव्हते.

आपली स्वतःची परंपरा

आपल्याकडे इतिहास लिहिण्याची परंपराच नव्हती, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढायला हवे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांचा पोवाडा रचला तो इतिहासावरचा दावाच होता. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी लिहिलेले बुद्धचरित्र १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती पडले. एका पुस्तकाने पुढे काय घडवले, ते आपल्याला सांगायला नको.

चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये, बाबासाहेब हयात असताना काढला. त्यांच्याकडे ना विद्यापीठाची गादी होती ना संस्थेचा पैसा. पत्रे, पत्रके, सभांचे वृत्तांत ते वर्षानुवर्षे जमवत राहिले. १९७१ मध्ये ते गेले, त्यानंतरही उरलेले खंड निघत राहिले. वसंत मून यांनी शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीत बसून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, पहिला १९७९ ला आला. त्याच मूनांनी ‘वस्ती’ लिहून नागपुरातल्या एका मोहल्ल्याचे तालीम, शाळा, समता सैनिक दल, भांडणे, लग्ने, सगळे नोंदवून ठेवले. स्थानिक इतिहास कसा लिहावा हे शिकायचे असेल तर आम्ही पहिल्यांदा हे पुस्तक हातात देतो.

आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्यांच्या घरी जाऊन विचारले, ऐकले, लिहिले. १९८९ मध्ये पुस्तक आले. तोवर परिषदांच्या वृत्तांतांत ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्या एका ओळीत ज्या बायका बसवल्या होत्या, त्या या पुस्तकात नावाने, गावाने, स्वतःच्या शब्दांत बोलतात. कागद नसेल तिथे माणूस हाच दप्तरखाना आहे, हे या दोघींनी करून दाखवले.

वस्तूंचेही तसेच. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. नानकचंद रत्तू यांच्याकडून त्या वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या. तिथे गेलात तर कापडाच्या स्थितीकडेही लक्ष द्या. ज्यांना घरातला जुना कोट, जुना निळा झेंडा किंवा दलाची टोपी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून आयुष्यभर टिकेल असे वाटते, त्यांनी तर नक्की पाहावे.

लोणारच्या आसपास काय आहे

आता घराजवळ येऊ. लोणार हे वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या शिवेवरचे गाव. मंठा, जिंतूर, सेनगाव इथे आपल्या सोयरिकी आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला, तर शिवेपलीकडचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. एकाच घराण्यातल्या दोन भावांच्या नोंदी म्हणूनच दोन वेगवेगळ्या राजवटींच्या कागदांत सापडतात. इकडचे जुने महसुली कागद नागपूरच्या पुराभिलेखागाराकडे शोधायचे, निजामकाळातले हैदराबादकडे. आजोबा ‘मोगलाईतून’ आले असे घरात सांगत असतील तर त्याचा अर्थ हाच. मंठ्याकडून आले.

सरोवराच्या क्षाराचा धंदा शेकडो वर्षे चालला. जुन्या नोंदींत डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी क्षाराची प्रतवारी दिलेली आहे. ही नावे उतरवून घेणाऱ्यांनी क्षार काढणाऱ्यांची आणि उतारावरून तो वर वाहून आणणाऱ्यांची नावे उतरवली नाहीत. विवराच्या कडेने राहणाऱ्या सगळ्या समाजांतल्या जुन्या माणसांना हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फक्त आपल्याच वाड्यात विचारून चालणार नाही.

देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. चोखोबांबद्दल आपल्या तरुणांत दोन मते आहेत आणि आम्हाला दोन्ही समजतात. भक्तीने अस्पृश्यता गेली नाही, हे खरेच. पण बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळाही आहेत. जिल्ह्यातल्या मंडळाने चोखोबांना वगळून इतिहास लिहायचे ठरवले, तर त्या अर्पणपत्रिकेचे काय करायचे?

वाशीम, म्हणजे जुने वत्सगुल्म, इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवले. तसा शिलालेख लेण्यातच आहे. नकाशावर वाशीम ते अजिंठा रेघ ओढली तर लोणार त्या रेघेच्या जवळ येते. एवढ्यावरून ‘लोणार हे बौद्ध केंद्र होते’ अशी पोस्ट फिरवता येते, आणि फिरवलीही जाते. ती फिरवू नये, याचे कारण पुढे सांगतो.

आणि खडकपूर्णेचा पूल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च औरंगाबादकडे निघाला. तो आपल्या जिल्ह्यातून गेला आणि खडकपूर्णेच्या पुलावर तो अडवला गेला. लाठीमार झाला, माणसे पकडली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. हा पूल लोणारहून मोटारसायकलने तासाभराच्या अंतरावर आहे. १९७९ ला जो विशीत होता तो आज पासष्टी ओलांडून गेलेला आहे. मार्चातल्या लोकांना भाकरी कोणत्या गावाने बांधून दिली, पुलावर मार खाल्लेले कोणाच्या घरी लपले, शिवेपलीकडून सोयरे रात्री आले तेव्हा काय सांगत होते, हे आत्ता विचारले नाही तर पुढच्या दहा वर्षांत विचारायला कोणी उरणार नाही. आमच्या मते या पट्ट्यातल्या कोणत्याही मंडळाचे पहिले काम हेच असावे.

घरातल्या फाइलमधला इतिहास

कागद आपल्याकडे नाहीत, असे आपण सहज म्हणतो. तसे पाहिले तर वाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकची फाइल असते, मुलाच्या जातपडताळणीची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणून आपल्या बापांनी हेलपाटे घालून कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा, गाव नमुना १४, जुना खासरा असे एकेक कागद काढलेले असतात. प्रमाणपत्र मिळाले की फाइल कपाटात जाते.

ती फाइल उघडून बघा. कोतवाल बुकात आजोबांचा जन्म असतो, बापाचे नाव असते, आडनाव बहुतेक वेळा नसते. नावे कचरू, दगडू, धोंडी अशी. त्यांच्याच नातवंडांची नावे गौतम, राहुल, सुजाता. दाखल-खारीजमध्ये आजोबा कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेले आणि कारण काय लिहिले, ते असते. आडनाव कोणत्या वर्षी पहिल्यांदा कागदावर आले, ‘बौद्ध’ हा शब्द पहिल्यांदा कधी लिहिला गेला, हे शंभर घरांच्या फाइली शेजारी ठेवल्या तर दिसते. १९६१ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार बौद्ध मोजले. ते कोण होते, हे या फाइलींमध्ये आहे. पुण्याच्या मंडळाला ज्यासाठी वाडे धुंडाळावे लागले ते आपल्याकडे शासनानेच घरोघर पोचवून ठेवले आहे. तेही आपल्यावर संशय घेण्यासाठी.

यात एक पथ्य कडक पाळायचे. फाइलीवर घराचा हक्क आहे. फोटो काढण्याआधी विचारायचे, मूळ कागद कधीही घराबाहेर न्यायचा नाही. जात-दाखल्याचे, आधारचे क्रमांक दिसतील असे काहीही गटावर टाकायचे नाही.

ऐकायचे कसे, लिहायचे कसे

आमची चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात फोनवर मुलाखती रेकॉर्ड केल्या, त्या दुसरीकडे कुठेही उतरवल्या नाहीत आणि तो फोन बंद पडला. त्यांत एक आजी होत्या. जयंतीच्या मिरवणुकीत पाटलाच्या गल्लीतून पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा पुढे चालणाऱ्या बायकांत त्या होत्या. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता त्या गेल्या. आता आमचा नियम असा, की रेकॉर्डिंग झाले त्याच रात्री ते दोन ठिकाणी उतरवायचे आणि वहीत हाताने एक पान सारांश लिहायचा. वही मागे पडली असे कोणाला वाटत असेल, पण आमच्याकडे आजपर्यंत टिकली ती वहीच.

‘चळवळीबद्दल सांगा’ असे म्हटले की आजोबा भाषण सुरू करतात. चार सभांत ऐकलेलेच ते आपल्याला परत ऐकवतात. त्यापेक्षा वस्तूपासून सुरुवात करावी. हा फोटो कोणी काढला? हा झेंडा कोणी शिवला, मशीन कोणाची होती? विहीर कुठली वापरायचे? मेलेले जनावर ओढायचे कोणत्या वर्षी बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी गावाने काय केले? धर्मांतरानंतर घरातले देव कुठे ठेवले, कोणत्या नदीत सोडले, की आजीने पेटीत लपवले? या शेवटच्या प्रश्नावर आधी सगळे हसतात, मग बराच वेळ बोलतात.

बावन्न हक्कांची आणि बेदरच्या बादशहाकडे गेलेल्या अमृतनाकाची गोष्ट सांगणारे म्हातारे अजून भेटतात. ती गोष्ट घडली की नाही यावर त्यांच्याशी वाद घालू नये, जशी सांगतात तशी उतरवावी. आपल्या लोकांनी हक्क ही भाषा किती पिढ्या जपली, हे त्यातून कळते.

बायकांकडे बायकांनी जावे. एकटे पुरुष गेलो की घरातला कर्ता पुरुषच उत्तरे देतो, हा आमचा अनुभव आहे. जात्यावरच्या ओव्या अजून काही जणींना येतात. गी पोइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. ज्या बायका कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांनी रचलेले हे चळवळीचे साहित्य आहे. आपल्या भागातली ओवी ऐकली तर गाणारीचे नाव, माहेर, सासर आणि ती तिने कोणाकडून घेतली, एवढे लिहिल्याशिवाय उठायचे नाही.

सभेसाठी नवी जागा शोधायची गरज नाही. वर्षावासात आषाढी ते आश्विन पौर्णिमा विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असतेच. पुण्याच्या मंडळाची पाक्षिक सभा होती, आपल्याला पौर्णिमा आहे. वाचनानंतर अर्धा तास एकाने आपण शोधलेली एकच गोष्ट मांडायची, बाकीच्यांनी ‘हे कशावरून?’ असे विचारायचे. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला तसे विचारणे उद्धटपणा समजतात. ‘बाबा, हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?’ असे विचारले तर कोणी रागावत नाही, असे आम्ही पाहिले आहे. त्या उत्तराची नोंद नावापुढे करायची : पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले.

नोंदणीची घाई करू नये. सात माणसे मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि पुढे धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, ते काही कठीण नाही. पण आम्ही पाहिलेली निम्मी मंडळे अध्यक्ष कोण यावरच संपली. आधी दोन वर्षे वही चालू द्या, शिक्का नंतर.

‘हे देऊळ आपलेच होते’ या दाव्याबद्दल

हा भाग काही वाचकांना आवडणार नाही. अलीकडे प्रत्येक जुन्या देवळाचा फोटो टाकून ‘हा मूळ बौद्ध विहार’ असे लिहायची रीत पडली आहे. दैत्यसूदन मंदिरावरही असे लिहिलेले आम्ही वाचले. त्या मंदिरातले शिल्प पाहा, पौराणिक कथांचे पट पाहा. ते मध्ययुगीन वैष्णव मंदिर आहे. हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ च्या ग्रंथात त्याची नोंद घेतली आहे. तिथे बौद्ध अवशेषाचा पुरावा नसताना दावा केला, तर जिथे पुरावा आहे तिथला आपला खरा दावाही लोक हसण्यावारी नेतात.

आणि पुरावा आहे अशा जागा कमी नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ उभे आहे. दा. ध. कोसंबींनी अशा जागा पायी हिंडून अभ्यासल्या आणि जुनी श्रद्धास्थाने, व्यापारी वाटा आणि लेणी यांचे नाते उलगडले. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडले. दावा करायचा तर असा. शिलालेख काय म्हणतो, विटेचे माप काय, वास्तूचा आराखडा कसा, थरात खापर कोणते, हे सांगून.

शेतात विटा, खापर, नाणे, मूर्ती सापडली तर स्वतः खणू नका. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, गट क्रमांक लिहा, तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. श्रद्धेने मूर्ती उचलून विहारात ठेवली, तरी ती जिथे होती तिथली माहिती कायमची जाते.

भोन

आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. (जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. खडकपूर्णा गोदावरीला मिळते, ही पूर्णा तापीला.) डेक्कन कॉलेजचे भा. चं. देवतारे आणि सहकाऱ्यांनी २००२ नंतरच्या काही हंगामांत तिथे उत्खनन केले. विटांचा स्तूप निघाला. मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या, विटांनी बांधलेला कालवा निघाला. मौर्य-सातवाहन काळातली ही वसाहत आहे. कोणी व्हॉट्सअॅपवर जोडलेली ही कथा नाही. खड्डा खणून, थर मोजून, अहवाल लिहून समोर आलेला हा स्तूप आहे.

आणि ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाच्या पाण्याची शेतकऱ्याला गरज आहे, खारपाणपट्ट्यात तर फारच आहे, हे आम्ही नाकारत नाही. स्तूप विरुद्ध पाणी असा सामना लावून देणे कोणाच्या सोयीचे आहे, हेही आम्हाला कळते. नागार्जुनसागरच्या वेळी नागार्जुनकोंड्याचे अवशेष आधी खणून, उचलून टेकडीवर पुन्हा उभे केले गेले. देशाने हे एकदा केलेले आहे. भोनसाठी निवेदन देताना तो दाखला द्यावा, उत्खननाचा अहवाल जोडावा, आणि संरक्षक भिंत की स्थलांतर, कोणता पर्याय तपासला आणि त्याचे काय झाले, हे माहिती अधिकारात लेखी विचारावे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढेच लिहिलेले निवेदन टेबलावर पडून राहते. सर्व्हे नंबर, उत्खननाचे वर्ष आणि अहवालाचे पान लिहिलेल्या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.

लोणारहून भोनला जायला खामगाव-शेगाव मार्गे अर्धा दिवस जातो. येत्या हिवाळ्यात, पिके निघाल्यावर, तरुणांनी एकदा जाऊन यावे. जाताना वही न्यावी. गावातल्या माणसांशी बोलावे, ज्यांच्या शेतात उत्खनन झाले आणि ज्यांनी तिथे रोजाने खणले त्यांच्याशी आधी. त्यांच्या हाताखालून तो स्तूप वर आला, आणि उद्या त्यांचेच घर उठणार आहे. त्यांची साक्ष अहवालात नसते. ती आपल्या वहीत असायला हवी : नाव, वय, गाव, तारीख, आणि कंसात ‘स्वतः पाहिलेले’.